पथ्य

करंगळीएवढं कांडं ओल्या फडक्यात,
फडकं मोज्यात, मोजा सेफ्टी बुटात.
रजेवरून सोहारला पोचेतो
पाच दिवस गेले.
बूट उघडला तर कांड्याला हिरवा डोळा फुटलेला,
मातीशिवाय.
अमृता म्हणतात हिला, ते उगाच नाही.

सी ब्लॉकमागे कंपनीचा कडुनिंब, धुळीनं राखाडी.
त्याच्या बुडाशी एसीची नळी दिवसरात्र ठिबकते.
ते पाणी कुणाचंच नव्हतं. हिचं झालं.
निंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात गुणाची;
दोन उन्हाळ्यांत ती माथ्यावर,
आणि वरून बारीक मुळं सोडलेली
क्रेनच्या दोरांसारखी, जमीन चाचपत.

नूरुल बारिसालचा. पान पाहताच ओरडला,
‘एटा तो गुलंच!’
स्वातचा फोरमन म्हणाला, गिलो.
तीन नावं, एकच कडूपणा.
तापाला, सांध्यांना, पित्ताला, साखरेला
वीतभर कांडं, साल खरवडून, ठेचून,
रात्री स्टीलच्या ग्लासात,
पहाटे चारला, बस यायच्या आत, अनशापोटी.
खोलीत बारा ग्लास रांगेनं.
मी वाटायचो. मला बरं वाटायचं.

अनंता रेवाळे चार महिने प्याला, एक दिवस न चुकता.
वर साखरेच्या गोळ्याही चालूच.
एकदा परातीवर त्याचे हात थरथरले, घाम सुटला;
कुणीतरी खिशातले खजूर भरवले.
आम्ही म्हणालो, ऊन.
मग त्याचे डोळे पिवळे दिसले.
कावीळ? मग तर गुळवेलच, आमच्याकडे हेच देतात.
आणि मी,
वीतभराचं कांडं दीड वीत केलं.

डॉक्टर शम्सा रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, आमच्याही घरी
लोबान रात्री पाण्यात भिजतो, सकाळी पितात.
फक्त जे पिता ते पिशवीत घालून आणा,
आणि सांगा: किती, किती दिवस, सोबत कुठली गोळी.
यानंच झालं असं मी म्हणत नाही.
यानं नाही, असंही म्हणवत नाही.
बंद करा. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त.

किती दिवस.
मी रिगर आहे. क्रेनचा लोड चार्ट मला पाठ:
किती टन, किती लांब, किती कोन,
वारा किती असला की हूक खाली.
हिचा चार्ट मी विचारलाच नव्हता.
की सांगितला होता?
देवरुखच्या बाजारात हिरी कातकरीण
बोट वर करून काहीतरी बोलत होती
आणि मी सुट्टे पैसे मोजत होतो.

शेजारच्या दुकानदाराच्या फोनवर गाठली तिला.
‘सांगितलं व्हतं की. पंधरा दिस पी,
मंग तिला झाडाव ऱ्हाऊ दे.
पोटुशीला नाय. डागदराची गोळी असंल त्याला
इचारल्याबिगर नाय.
अन डोळे पिवळे? त्यात म्या हात घालत नाय, बाबा.
दवाखाना.’
मागे कोंबडी ओरडत होती.
वेल बुटातून आली. पथ्य तिथंच राहिलं,
सुट्ट्या पैशांबरोबर, तिच्या टोपलीत.

अनंताचे आकडे उतरतायत, हळूहळू.
माझ्याशी बोलतो. जेवताना थोडं कमी.

परातीवरचा लाल टॅग आणून मी वेलीला बांधला.
मार्करनं लिहिलं: आधी डॉक्टरला विचारा.
खाली रकाने: नाव, तारीख, किती, कुठली गोळी.
नूरुलनं त्याच्याखाली बंगालीत दोन ओळी लिहिल्या.
मला वाचता येत नाही.
काय लिहिलंस, विचारलं.
टोपण लावत म्हणाला, ‘वही.
बस, आखिर में तुम्हारा रूम नंबर डाला है.’